टाळूत दडलेला सुळा आणि तीन प्रश्नांचा सीबीसीटी

माझ्या वरच्या जबड्यातला डावीकडचा दुधाचा सुळा पडायच्या वयात पडला नाही आणि तो दुधाचा आहे हे कुणाच्या लक्षातही आले नाही. कायमचा वरचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. तो आला नाही, तर त्याच्या जागी असलेला दुधाचा दात कधीकधी अनेक वर्षे बिनबोभाट काम करत राहतो. माझा तसाच राहिला होता. आकाराने थोडा लहान, टोकाला झिजलेला, पण दुखत नव्हता. वयाची तिशी ओलांडल्यावर तो हलू लागला, तेव्हा दंतवैद्यांनी ओठाच्या बाजूने आणि टाळूच्या बाजूने बोट फिरवून पाहिले आणि कायमचा सुळा आत अडकलेला असावा, अशी शंका व्यक्त केली. वरचा सुळा असा अडकून राहण्याचे प्रमाण शंभरात एक ते तीन माणसे इतके आहे, त्यात स्त्रियांची संख्या जास्त आहे आणि बहुतेकांचा सुळा टाळूच्या बाजूला दडलेला असतो, असे त्यांनी सांगितले.

सुरुवात लहान फिल्मवरच्या साध्या एक्स-रेने झाली. त्यात सुळा दिसला. तो तिरका झोपल्यासारखा होता आणि त्याचे टोक बाजूच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर आलेले होते. मात्र ‘मुळावर’ म्हणजे मुळाच्या पुढे की मागे, हे एका चित्रातून ठरत नाही. भिंतीवर पडलेल्या दोन हातांच्या सावलीवरून कोणता हात दिव्याच्या जवळ आहे हे ओळखता येऊ नये, तशीच ही अडचण असते. त्यावर जुना आणि सोपा उपाय असा, की एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरे चित्र घ्यायचे. नळी ज्या दिशेला सरकली त्याच दिशेला सुळा सरकलेला दिसला, तर तो टाळूच्या बाजूला आहे आणि उलट दिशेला सरकला, तर ओठाच्या बाजूला आहे. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती माझ्या बाबतीत पुरेशी ठरली आणि सुळा टाळूकडे आहे हे स्कॅनच्या आधीच कळले. हे मुद्दाम नोंदवते, कारण ‘जागा समजत नाही, म्हणून सीटी’ असे कारण अनेकदा दिले जाते आणि केवळ तेवढ्यासाठी दरवेळी सीटीची गरज नसते.

त्यानंतर ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचे एका पट्टीत उलगडून दाखवणारे चित्र काढले. त्यात बाकीचे सर्व दात, अक्कलदाढा आणि खालच्या जबड्यातील नसेची वाट नीट दिसली. नेमका मधला, समोरचा भाग मात्र धूसर आला. या पद्धतीत समोरच्या दातांवर मानेच्या मणक्यांची छाया पडते आणि यंत्र ज्या अरुंद पट्ट्यावर केंद्रित असते त्याच्या बाहेर असलेली वस्तू फाकलेली किंवा पुसट दिसते; टाळूत आडवा पडलेला सुळा त्या पट्ट्याबाहेर असणे अगदी स्वाभाविक आहे. पण धूसरपणातही दोन गोष्टी लक्ष वेधून घेत होत्या. सुळ्याच्या टोकाजवळ दाताइतकाच पांढरा, पण कोणताही नीट आकार नसलेला एक डाग होता. शिवाय सुळ्याच्या शिरोभागाभोवतीची, म्हणजे दाताच्या इनॅमलने झाकलेल्या भागाभोवतीची काळी कड नेहमीपेक्षा रुंद वाटत होती; न आलेल्या दाताभोवतीची पिशवी चित्रात अशी दिसते.

ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात ओळीत आणणाऱ्या तज्ज्ञाने, कोन बीम सीटी, म्हणजे सीबीसीटी सुचवला तो या टप्प्यावर. त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहिले होते. बाजूच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजले आहे का, असल्यास किती आणि कोणत्या बाजूने? डाग कशाचा आहे आणि तो सुळ्याच्या वाटेत आहे का? शिरोभागाभोवतीची पिशवी नेमकी किती रुंद आहे? त्याखाली ‘फक्त वरचा, पुढचा, डावा भाग, पाच बाय पाच सेंटिमीटर’ अशी सूचना होती. संपूर्ण प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू ही चिठ्ठीच होती. पुढे काय पाहायचे, किती भाग घ्यायचा, किती बारकाईने घ्यायचा आणि अहवालात कशाचे उत्तर यायला हवे, हे सर्व तिच्यावरून ठरले. ‘सीबीसीटी, वरचा जबडा’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर काढलेल्या स्कॅनमध्ये चित्रे कितीही आली, तरी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे हे वाचणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते.

किरणांविषयी मी विचारले. माझ्यापुढे आकडे ठेवले गेले आणि ते नंतर मी स्वतःही पडताळून पाहिले. पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला जमीन, हवा, अन्न आणि अंतराळ यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (सीव्हर्ट हे किरणमात्रेचे एकक), म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसीव्हर्ट (मिलिसीव्हर्टचा हजारावा भाग) एवढी नैसर्गिक किरणमात्रा मिळते. ओपीजीची मात्रा बहुधा दहा ते पंचवीस मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असते. सीबीसीटीची मात्रा यंत्र, भागाचा आकार आणि निवडलेली बारकाई यांनुसार फार बदलते. लहान भागाच्या स्कॅनमध्ये ती दहा-वीसपासून शंभर-दोनशे मायक्रोसीव्हर्टपर्यंत असू शकते, तर संपूर्ण चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये कितीतरी अधिक. ‘काही दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढेच’ हे वाक्य मला दिलासा म्हणून ऐकवण्यात आले. दिलासा म्हणून ते ठीक आहे, पण समर्थन म्हणून अपुरे आहे. स्कॅनचे समर्थन एकच असू शकते: त्याच्या उत्तरावरून उपचार बदलण्याची शक्यता आहे का? माझ्या बाबतीत ती होती. मूळ बरेच झिजलेले निघाले असते, तर सुळा वाचवायचा की पटाशीचा दात, असा प्रश्न उभा राहिला असता. लहान मुलांच्या बाबतीत हा विचार आणखी काटेकोरपणे करावा लागतो, कारण त्यांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पुढचे आयुष्यही दीर्घ असते.

प्रत्यक्ष स्कॅन इतका साधा होता, की त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. गर्भधारणेची शक्यता विचारून घेतली. चष्मा, कानातले, गळ्यातले आणि केसांतल्या पिना काढायला सांगितल्या. छातीवर शिशाचा अ‍ॅप्रन घातला. गळ्याचा पट्टा मात्र घातला नाही, कारण तो किरणांच्या वाटेत आला, तर चित्रच बिघडते. अलीकडच्या काही मार्गदर्शक सूचनांत, उदाहरणार्थ अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ मधील शिफारशींत, दातांच्या एक्स-रेसाठी अ‍ॅप्रन आणि गळपट्टा दोन्ही आवश्यक नसल्याचे म्हटले आहे. किरणांचा झोत नेमक्या भागापुरता मर्यादित ठेवणे हेच खरे संरक्षण, असा त्यामागचा विचार आहे. माझ्या तंत्रज्ञ बाईंनी मोजक्या शब्दांत तेच सांगितले.

बोगद्यासारख्या यंत्रात आडवे जावे लागेल, अशी माझी समजूत होती. तसे काहीही नव्हते. मला खुर्चीत बसवून हनुवटी टेकवायला आधार दिला, समोरच्या दातांत एक छोटा ठोकळा चावायला दिला आणि कपाळाभोवती पट्टा आवळला. चेहऱ्यावर लाल प्रकाशरेषा पाडून डोक्याची मांडणी जुळवण्यात जेवढा वेळ गेला, त्याच्या अंशानेही वेळ स्कॅनला लागला नाही. माझ्या एका दाढेवर धातूची जुनी कॅप आहे. धातूमुळे चित्रात पांढऱ्या-काळ्या रेघा पसरतात आणि त्या शेजारच्या भागावर पसरल्या, तर झीज नसतानाही झीज दिसू शकते. म्हणून तंत्रज्ञ बाईंनी माझी मान थोडी वर-खाली करून अशी जुळवली, की त्या रेघा दातांच्या शिरोभागांच्या पातळीत राहतील आणि मुळांच्या भागात शिरणार नाहीत. दोन पूर्वचित्रे घेऊन त्यांनी भाग बरोबर पकडला आहे याची खात्री केली. मग थुंकी आधीच गिळून घ्या, जीभ टाळूला लावून ठेवा, नाकाने सावकाश श्वास घ्या आणि अजिबात हलू नका, अशा सूचना आल्या. यंत्राचा हात डोक्याभोवती एकदा फिरला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सारे संपले. हलू नका ही सूचना औपचारिक नव्हती. चित्राचा सूक्ष्म घन, ज्याला व्होक्सेल म्हणतात, माझ्या स्कॅनमध्ये ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा होता. अर्धा मिलिमीटर मान हलली तरी तो बारकावा वाया जातो आणि हाडांच्या कडा दुहेरी दिसू लागतात.

यंत्र नेमके काय करते, हे मी नंतर समजून घेतले. रुग्णालयातल्या नेहमीच्या सीटीत किरणांचा झोत पंख्यासारखा चपटा असतो आणि शरीराचे काप एकापाठोपाठ घेतले जातात. १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, तेही असेच कापाकापाने, मात्र तेव्हा झोत पंख्यासारखा नव्हे, तर पेन्सिलीसारखा बारीक होता. कोन बीममध्ये झोत शंकूच्या आकाराचा असतो आणि समोरच्या चपट्या संवेदकावर संपूर्ण भागाचे चित्र एकाच वेळी पडते. यंत्र फिरताना वेगवेगळ्या कोनांतून अशी काही शे चित्रे जमा होतात. त्यांतून त्रिमितीय घन उभा करण्याची गणिती रीत फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये मांडली. दातांसाठीचे यंत्र मात्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपान येथील संशोधकांनी प्रत्यक्षात आणले. तयार झालेला घन सर्व दिशांना सारख्याच बारकाईचा असल्यामुळे तो कोणत्याही कोनातून कापून पाहता येतो आणि अंतरे खऱ्या मापात मोजता येतात.

जबड्याच्या रेडिऑलॉजिस्टने मला संगणकासमोर बसवून स्कॅन दाखवला, हे माझे भाग्य. अनेकांच्या हाती फक्त छापील कागद येतो. पडद्यावर प्रथम हाडाच्या रंगाची, फिरवता येणारी त्रिमितीय आकृती आली. ती पाहून मी थक्क झाले. त्यांनी मात्र ती लगेच बाजूला सारली. त्या आकृतीत संगणक एका ठरावीक घनतेच्या खालचे सारे वगळतो, म्हणून जिथे हाड पातळ आहे तिथे भोक पडल्यासारखे दिसते आणि घनतेची मर्यादा बदलली, की तेच भोक बुजते. रुग्णाला समजावण्यासाठी आणि शल्यचिकित्सकाला दिशा दाखवण्यासाठी ती चांगली आहे, निदान मात्र कापांवर होते. मग त्यांनी आडवे काप वरून खाली, सावकाश, एकेक करून सरकवले आणि ज्या चित्रात मला आतापर्यंत फक्त करड्या छटा दिसत होत्या, त्यात दात उमटू लागले.

पटाशीच्या दाताचे मूळ गोल दिसत होते. खालून वर जाताना एका जागी त्या गोलाचा टाळूकडचा भाग चंद्रकोरीसारखा कमी झाला होता आणि त्या खोबणीला सुळ्याचे टोक अगदी खेटून होते. झीज मुळाच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात होती. दाताच्या नसेपर्यंत ती पोहोचली नव्हती, मध्ये दातद्रव्याची पातळ भिंत शिल्लक होती. साध्या एक्स-रेत याच मुळाची बाह्यरेषा अखंड दिसली होती, कारण खोबण मागच्या बाजूला होती आणि तिच्यावर सुळ्याचीच पांढरी छाया पडली होती. अडकलेल्या सुळ्यांमुळे होणारी शेजारच्या मुळांची झीज साध्या चित्रांत बऱ्याचदा निसटते आणि सीटीत कितीतरी अधिक वेळा आढळते, हे संशोधनातून गेली पंचवीस वर्षे माहीत आहे. तरी आपल्याच दाताची खोबण समोर पाहिल्यावर त्या विधानाचे वजन वेगळे जाणवते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अनपेक्षित होते. ओपीजीतला तो आकारहीन डाग म्हणजे दुधाच्या सुळ्याचे मूळ आणि कायमच्या सुळ्याचा शिरोभाग यांच्या मध्ये अडकलेला चिमुकल्या दातांचा पुंजका होता. कापांत तीन तुकडे वेगळे मोजता येत होते. प्रत्येकाला बाहेरून इनॅमलची शुभ्र कड होती आणि सर्वांभोवती मिळून एक बारीक काळी रेषा होती. याला संयुक्त ओडोन्टोमा म्हणतात. ही दात तयार करणाऱ्या पेशींच्या वाढीतील विकृती आहे, कर्करोग नव्हे, आणि वरच्या जबड्याचा पुढचा भाग हे तिचे नेहमीचे ठिकाण आहे. एकच जादा दात असता, तर त्याला एकच सलग आकार आणि एकच मूळ दिसले असते. सुळ्याची वाट का चुकली, याचे बहुधा हेच कारण होते.

तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी जे केले त्याने माझा विश्वास वाढला. न आलेल्या दाताच्या शिरोभागाभोवती एक नैसर्गिक पिशवी असते. तिची रुंदी साधारण तीन मिलिमीटरच्या आत असेल, तर ती सहसा नेहमीची मानतात. माझी सर्वांत रुंद जागी चार मिलिमीटर भरली. म्हणजे ती वाढलेली पिशवी असू शकते किंवा दंतधारी सिस्टची, म्हणजे द्रवाने भरलेल्या गाठीची सुरुवात असू शकते. सीबीसीटी मऊ ऊतींमधला फरक जवळजवळ दाखवत नाही, त्यातल्या करड्या छटांचे मापही रुग्णालयातल्या सीटीइतके विश्वासार्ह नसते, त्यामुळे पिशवीच्या आत काय आहे याचे उत्तर चित्रात नाही, असे त्यांनी सांगितले आणि अहवालातही जसेच्या तसे लिहिले. एखादा ठाम शब्द लिहून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते.

मी स्वतःहून आणखी एक प्रश्न विचारला होता: इतकी वर्षे आत राहिलेला सुळा हाडाला चिकटून एकजीव झाला असेल का? तसे झाले असेल, तर तो ओढूनही हलत नाही. दात आणि हाड यांमधली जागा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे चित्राच्या एक-दोन घनांएवढी. एखाद्या घनात थोडे हाड आणि थोडी फट आली, की यंत्र दोन्हींची सरासरी काढते आणि फट असूनही नाहीशी झालेली दिसते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दात ओढून पाहिल्यावरच मिळेल, असे त्यांनी स्पष्ट केले.

मागितलेल्या उत्तरांबरोबर एक न मागितलेली गोष्टही आली. स्कॅनच्या वरच्या कडेला गालाच्या पोकळीच्या तळाशी घुमटासारखा एक गुळगुळीत फुगवटा दिसत होता. पोकळीच्या अस्तरातला हा निरुपद्रवी फुगवटा अनेकांमध्ये योगायोगाने सापडतो आणि लक्षणे नसतील, तर त्याला उपचार लागत नाहीत. मला मात्र त्या शब्दांनी उगाचच काही काळ घोर लावला. तरीही स्कॅनमध्ये आलेला प्रत्येक भाग वाचलाच पाहिजे, मग तो दातांचा असो वा नसो, ही अहवाल लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती टाळली जाऊ नये, असे मला वाटते.

अहवालाने उपचाराचा आराखडा बदलला. आधी सुळ्याला थेट दातांच्या ओळीकडे ओढण्याचा विचार होता. तसे केले असते, तर त्याचे टोक पटाशीच्या दाताच्या झिजलेल्या मुळावरच घासत पुढे आले असते. आता त्याला प्रथम मागे, टाळूच्या दिशेने सोडवून मुळापासून दूर न्यायचे आणि मगच ओळीत वळवायचे, असे ठरले. झिजलेल्या मुळावरचा दाब निघाला, की पुढची झीज बहुतेक वेळा थांबते; म्हणून तो दात काढण्याचा विचार सोडून दिला. शल्यचिकित्सकांनी दुधाचा दात काढून त्याच्याच खोबणीतून ओडोन्टोमापर्यंत जाण्याचे ठरवले आणि सुळ्यासाठी टाळूकडून छोटी खिडकी करण्याची जागा कापांवर मोजून घेतली. टाळूवरच्या हाडाचा थर त्या जागी दोन मिलिमीटरही नव्हता.

शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन झाली. खोबणीतून निघालेले चिमुकले दात पाच होते, स्कॅनमध्ये मोजले होते तीन. उरलेले दोन मोठ्या तुकड्यांना इतके चिकटलेले होते, की कापांत त्यांची कड वेगळी दिसली नव्हती. सुळा मात्र दाखवल्या जागी, दाखवल्या कोनातच सापडला. त्याच्यावर एक लहान बटण चिकटवून सोन्याची बारीक साखळी बाहेर घेतली. पिशवीचा तुकडा आणि पुंजका तपासणीला पाठवले. पुंजका ओडोन्टोमाच असल्याचे नक्की झाले आणि पिशवीत सिस्टचे अस्तर आढळले नाही.

साखळीला हलका ताण दिल्यानंतरच्या काही महिन्यांत सुळा हलला, म्हणजे तो हाडाला एकजीव झालेला नव्हता. पटाशीचा दात थंड तपासणीला, म्हणजे नस जिवंत आहे का हे पाहण्यासाठी लावलेल्या गारव्याला, नीट प्रतिसाद देतो आणि हलत नाही. मुळाची झीज थांबली का, हे पाहण्यासाठी पुन्हा सीबीसीटी करावा, असे मीच सुचवले होते. ऑर्थोडॉन्टिस्टने नकार दिला. सुळा आता मुळापासून दूर सरकला आहे, त्याची छाया मुळावर पडत नाही, त्यामुळे लहान फिल्मवरचा एक्स-रेही पुरेसा आहे आणि स्कॅनमध्ये झीज थोडी अधिक दिसली, तरी सध्याचा उपचार तोच राहील, हे त्यांचे कारण होते. स्कॅनच्या मूळ डायकॉम फायली, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपातल्या संगणकीय फायली, मी मागून घेऊन जपून ठेवल्या आहेत. छापील चित्रांत कुणीतरी निवडलेले मोजके काप असतात, तर फायलींतून पुढच्या डॉक्टरांना हवा तो काप काढता येतो. साखळीच्या दोन कड्या आतापर्यंत कापून झाल्या आहेत आणि सुळ्याचे टोक टाळूतून बाहेर आल्यावर पुढचा लहान एक्स-रे घ्यायचा आहे.